गियोझा आणि शोयूची वाटी

हमामात्सु, रविवार

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पोरं मैद्याच्या करंज्या खाऊन खाऊन पोट बिघडवून घेतील." तेव्हा गॅसवर भाजी होती म्हणून नुसतं 'हो' म्हटलं, पण ते मनातून जाईना. म्हणून आज निवांत लिहायला बसले. रोज नाही गं खात, फक्त शनिवारी.

याला इथे गियोझा म्हणतात. पदार्थ मूळचा चिनी. दुसऱ्या महायुद्धानंतर मांचुरियातून परतलेल्या लोकांमुळे तो जपानभर पसरला. आमच्या हमामात्सुची तर ती ओळखच झाली आहे. कोणत्या शहरात घरटी गियोझाची खरेदी जास्त, यावरून उत्सुनोमिया आणि मियाझाकीशी दरवर्षी चुरस असते, बातम्यांतही सांगतात.

पारी मैद्याचीच, पण पापडासारखी पातळ. आत डुकराचा खिमा असतो. आपल्याकडे चालत नाही म्हणून मी कोंबडीचा आणते. पण सारणात खिम्यापेक्षा कोबी जास्त. शेजारच्या आजींनी मला हाताला धरून शिकवलं. कोबी अगदी बारीक चिरायचा, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचा आणि मुठीत घेऊन घट्ट पिळायचा. पहिल्या वेळी मी कुचराई केली, तर पाऱ्या ओल्या होऊन तव्यालाच चिकटल्या, सगळं सारण बाहेर. मग आलं, लसूण, लसणाच्या वासाची निरा नावाची पात, थोडं तिळाचं तेल. चुण्या मात्र एकाच बाजूला घालायच्या. माझ्या चुण्या बघून आजींनी विचारलं, "हे कुठे शिकलीस?" मी म्हटलं, आईकडे, मोदक करताना.

तळत नाहीत, आई. तव्यात एक चमचा तेल, गियोझा गोल रचायचे, तळ लालसर झाला की अर्धी वाटी गरम पाणी ओतून झाकण. पाणी आटेपर्यंत वाफेवर शिजतात, म्हणजे खालून कुरकुरीत आणि वरून उकडीसारखे मऊ. मधल्या पोकळीत इथे उकडलेले लांब पांढरे मोड घालतात. ते मुगाचेच असतात. एक गियोझा साधारण चाळीस कॅलरींचा, मुलं सहा-सात खातात. कोबीची भाजी दिसली की ताट सरकवणारा आपला धाकटा यातून वाटीभर कोबी खाऊन उठतो, मला तेवढंच हवं असतं.

डुकराच्या मांसात ब-१ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि लसणामुळे ते अंगी चांगलं लागतं. इथे त्याला महत्त्व आहे. पॉलिशचा तांदूळ खाऊन खाऊन एके काळी या देशात बेरीबेरीने, म्हणजे ब-१ कमी पडून होणाऱ्या रोगाने, माणसं मरत. ताकाकी कानेहिरो नावाच्या नौदलाच्या डॉक्टरांनी १८८४ साली 'त्सुकुबा' जहाजावरचं जेवण बदलून दाखवलं आणि खलाशांचे जीव वाचले. पुढे त्यांनी भातात सातूही मिसळायला लावले. कोंबडीत ब-१ कमी, म्हणून मीही आता भात लावताना मूठभर सातू घालते.

घोटाळा आहे तो बुडवायच्या वाटीत. इथे चाळिशीनंतर दरवर्षी तपासणीला बोलावतात, कंबरही मोजतात. यंदा माझं बीपी जास्त निघालं. तुला सांगितलं नाही, रागावू नकोस. आहारतज्ज्ञ बाईंनी आठवडाभराचं खाणं लिहून आणायला सांगितलं. वही वाचून त्यांनी एकाच शब्दावर बोट ठेवलं: शोयू, म्हणजे सोया सॉस. त्याच्या एका मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅमहून जास्त मीठ असतं, आणि बाईमाणसाला दिवसाला साडेसहा ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. मी वाटी भरून घ्यायचे, वर रामेनचं, म्हणजे इथल्या सूपातल्या नूडल्सचं, सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे.

आता वाटीत नुसता तांदळाचा व्हिनेगर आणि भरपूर मिरपूड. पहिले दोन शनिवार जीभ कुरकुरली. आता कोबीचा गोडवा कळतो, शोयूखाली तो कधी लागलाच नव्हता. बाहेर गेलो तर रामेन आणि गियोझा दोन्ही एकदम मागवत नाही.

आई, बाबांच्या ताटाचंही एकदा बघ. लोणच्याची फोड, पापड, खारी मिरची, वर आमटीत चिमूटभर वरून मीठ. त्यांची गोळी चालू आहे म्हणून आपण सगळे गाफील राहिलो. लगेच सगळं बंद करू नकोस, ते जेवायचेच नाहीत. आधी ताटातली मिठाची वाटी उचल आणि लिंबाची फोड जास्त वाढ. आणि आठवडाभर काय काय खारट खाल्लं ते कॅलेंडरवर लिहून ठेव. दिवाळीला येईन तेव्हा दोघी मिळून बघू.

बाबांचं बीपी या महिन्यात किती आलं ते फोनवर न विसरता सांग. दोघांना नमस्कार.

तुझी,
वैशाली