गाडीच्या पोटातला गाळ

गावभाग, सांगली
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय बाळ्या,

आठ महिने झाले, माझं पत्र नाही की फोन नाही. काकूंच्या वर्षश्राद्धालाही आलो नाही, ते मनाला लागून राहिलंय. फोन केला असता, पण फोनवर तू मला मधेच तोडतोस आणि हे मला सगळं सांगायचंय. इकडं सगळे बरे. माझी शुगर आटोक्यात, हिचा गुडघा तसाच.

आज आपल्या पद्मिनीचा डावा उंबरा, दाराखालची ती पोकळ पत्र्याची पेटी, कापला. आतनं काय निघालं असेल? गाळ. २०१९च्या पुराचा. ग्राइंडरनं पत्र्याला हातभर खाच पाडली, पक्कडीनं पत्रा उलटा वळवला आणि वाळलेली माती भसाभसा फरशीवर आली. राखाडी, पिठासारखी बारीक, मधे पोह्यांएवढ्या गंजाच्या पापड्या. दोन घमेली भरली. थोडं पाणी शिंपडलं तर तोच वास, बाळ्या. पाणी उतरल्यावर घराघरांतून येत होता तोच. मी तिथंच बसकण मारली.

तू सांगितलं होतंस. आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेलेलं कृष्णेचं पाणी उतरलं आणि तिसऱ्या दिवशी तू पाइपाचं भेंडोळं खांद्यावर घेऊन आलास. म्हणालास, आतले गालिचे काढून टाक, उंबऱ्याला खालून भोकं पाड, गोड्या पाण्यानं आतून धुऊन काढ, गाळ ओल धरून बसतो. आणि मी तुला काय बोललो ते तुला आठवतंय आणि मलाही. ‘इथं घरातली भांडी वाहून गेली आणि तुला गाडीचं पडलंय!’ वर्षभर बोललो नाही आपण. त्या दिवशी भोकं पाडायला तासभर लागला असता. चुकलं माझं. हे पाच वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

खरं तर पाणी ४५ फुटांवर गेलं तेव्हाच गाडी उंचावरच्या विश्रामबागेत नेऊन लावायला हवी होती. पण अण्णा म्हणाले, २००५च्या पुरात अंगणात गुडघाभरच आलं होतं. त्यांना दोष देत नाही, चावी माझ्या हातात होती.

बाहेरून काही कळत नव्हतं बघ. तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजात बावीस हजार मोजून ‘खालचं काम’ करून घेतलं होतं. त्या माणसानं सडलेल्या पत्र्यावर नवा पातळ पत्रा रिबिटांनी ठोकला, वर पुट्टी थापली आणि काळा रंग मारून दिला. दसऱ्याला गाडी धुताना त्या रंगाला फुगा दिसला, स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. गंज आतून बाहेर येत होता आणि आम्ही बाहेरून रंग मारत होतो.

आता खरी काळजी सांगतो. जीप असती तर चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी आणि बॉडी वेगळी. पद्मिनीचं तसं नाही. तळाचा पत्रा, उंबरे, खांब, टप मिळूनच तिची चासी. हे मला माहीत होतं, तरी मी टेकूच्या लोखंडी घोड्या पुढच्या आणि मागच्या टोकाला लावल्या आणि मधे काहीच टेकू न देता उंबरा कापला. संध्याकाळी पुढचं दार लावायला गेलो तर लागेना. मागच्या कडेची वरची फट मिटली, खालची बोटभर झाली. गाडी मधे बसली, बाळ्या. दाराच्या चौकटीचा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माप घेतलं. डाव्या आणि उजव्या बाजूत ९ मिलिमीटरचा फरक. पण उजवा उंबराही आतून खाल्लेलाच असणार, मग तो तरी जागेवर आहे कशावरून? कुठल्या मापाला खरं मानू? मूळ माप कापण्याआधी घ्यायचं असतं आणि मी ते घेतलं नाही.

अण्णा रोज पाच वाजता खुर्ची घेऊन अंगणात बसतात. ७८ सालची गाडी, त्यांनी नंबर लावून घेतलेली. आज विचारलं, ‘दार लागतं का रे?’ मी म्हणालो, बिजागरीला तेल घालायचंय. ऐंशीच्या पुढच्या बापाशी खोटं बोललो. तेव्हापासून जेवण गेलेलं नाही.

आता मधे सागवानी फळी घालून जॅकनं टेकू दिलाय, नुसता टेकू, वर उचललेलं नाही. बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवून मागच्या परड्यात ठेवली. माझ्या डोक्यात असं आहे: जॅक पाव-पाव फेरा देत दाराच्या फटी सारख्या करायच्या, मग चौकटीत चौकोनी पाइप आडवा-तिरका वेल्ड करून माप बांधून टाकायचं आणि त्यानंतर फूटभर कापायचं, फूटभर जोडायचं. एका दमात लांब वेल्डिंग नाही, इथं वेल्डिंगचा एक टॅक (ठिपका), तिथं एक टॅक, पत्रा थंड होऊ द्यायचा, नाहीतर पीळ भरतो. सीआर, म्हणजे साधा बिनजस्ती पत्रा, १८ गेजचा आणलाय. दुकानदार जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, देत होता, पण त्याच्या जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो. बरोबर चाललंय ना? की आधी उजवा उघडून बघू?

एक गंमत. क्लचखालची रबरी मॅट काढली आणि खाली आपलं काम! विलिंग्डन कॉलेजात असताना तू डालड्याचा डबा कापून ठोकला होतास आणि वर डांबर ओतलं होतंस, ते ठिगळ. भोवतीचा तळाचा पत्रा चाळणी झालाय, तेवढा तुकडा शाबूत. डांबर खरवडलं तर हिरवं ताडाचं झाड जसंच्या तसं. त्याच साली ना आयर्विन पुलावर बंद पडलो होतो? मागं एसटीचा भोंगा, आणि तू त्या म्हशीवाल्याला धक्का मारायला सांगितलंस. ‘म्हशी सोडू का तुझी गाडी धरू, मर्दा?’ अण्णांना सांगितलं तर आज पहिल्यांदा हसले. ते ठिगळ कापायचं नाही, असं त्यांनी बजावलंय.

चिनूचं दहावीचं कळलं, तिला माझ्याकडून शाबासकी दे. वहिनींची बदली झाली का? भोसरीचं घर आवरलं की कळव.

शनिवारी येतोस? सीओटू वेल्डिंगचं मशीन कुपवाडातनं भाड्यानं मिळतंय, दोन दिवसांसाठी बोलून ठेवलंय. तोवर जॅकला हात लावत नाही. येताना तुझा लांब टेप आण, आणि उजव्या दाराचं माप तू घे, माझ्या डोळ्यावर माझा विश्वास राहिलेला नाही. अण्णांना मी उद्या सकाळी खरं काय ते सांगणार आहे. भडंग करून ठेवायला हिला सांगितलंय.

तुझा,
दिग्या