झोपाळ्यासाठी हत्यार घरीच घडव

लालबाग, मुंबई
खंडेनवमी

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. आजोबांचा झोपाळा माळ्यावरून खाली काढलास हे वाचून फार बरं वाटलं. फुटलेल्या बाजूला सागाची नवी पट्टी जोडायची, पण कडेची जुनी नक्षी राउटरच्या (लाकडाची कड कोरणाऱ्या यंत्राच्या) कुठल्याच बिटाशी, म्हणजे पात्याशी, जुळत नाही, म्हणून बिटांचा मोठा संच मागवू का, असं विचारलंयस. अजिबात मागवू नकोस. ती कड ज्या सुताराने काढली त्याने तिच्यासाठी पातं स्वतः घासून घेतलं असणार. त्या मापाचं बिट कारखान्यात मिळणार नाही. तुझं पातं तुलाच करायला हवं, आणि ते तुला नक्की जमेल.

रत्नागिरीत एखाद्या सुताराकडे किंवा भंगारात जुनी हातकरवत बघ. हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं ब्लेड घेऊ नकोस. ते कानशीला दाद देत नाही, उलट कानसच गुळगुळीत होते. हातकरवतीचे दाते सुतार तिकोनी कानशीने पाजळतो, म्हणजे तिचं पोलाद मुळातच कानशीला लागेल इतपत कडक ठेवलेलं असतं. ज्या पोलादाला कानशीने धार येते, त्याला कानशीने आकारही देता येतो. शिवाय भट्टी नको, पाणी द्यायला (तापवून बुडवून कडक करायला) नको.

फळीच्या फुटलेल्या टोकाचा पातळ काप काढ, म्हणजे नक्षीचा आडवा छेद स्वच्छ दिसेल. त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवून छाप घे. करवतीचा बोटभर रुंद तुकडा काढून त्यावर तो छाप उलटा उतरव. फळीवर जिथे उंचवटा तिथे पात्यात खोलगट, हे एवढं ध्यानात ठेव. मग गोल आणि तिकोनी बारीक कानशीने रेघेपर्यंत ये. कड तिरपी घासू नकोस, पात्याच्या अंगाशी बरोबर काटकोनात ठेव. दोन्ही सपाट अंगं तेल लावलेल्या सहाणेवर आडवी घासून कानशीने कडेला उठलेली बारीक कोर काढून टाक. झालं पातं.

दांडा म्हणजे सागाचेच दोन काटकोनी तुकडे. पातं त्यांच्यामध्ये धरून स्क्रूने आवळायचं. काटकोनाची आतली बाजू फळीच्या कडेला टेकते आणि पातं सरळ रेषेत चालतं. दांडा किंचित पुढे कलवून हलक्या हाताने ढकल. सुरुवातीला नुसती पूड पडेल, मग केसासारखी बारीक सालं निघायला लागतील. घाईने दाबलंस तर पातं थरथरतं आणि लाकडावर लाटा उठतात. लाकडाचे तंतू उलटे आले की दांडा आपल्याकडे ओढून काप. कड काटकोनात ठेवायला सांगितली ती याचसाठी, पातं दोन्ही दिशांना चालतं. सागात वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे धार लवकर बसेल. तेव्हा नक्षीला हात लावू नकोस. पुन्हा सपाट अंगंच सहाणेवर घास, धार परत येते आणि आकार तसूभर बदलत नाही. तयार बिटापेक्षा मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता झोपाळ्याच्या बोल्टांवर बसवायच्या पितळी बोंडांचं, म्हणजे टोप्यांचं. बोल्टाच्या डोक्यावर बोंड बसायला बोंडात आठ मिलिमीटरचं, सपाट तळाचं भोक हवंय. साध्या ड्रिलचं टोक शंकूसारखं, त्यामुळे तळ कधीच सपाट येणार नाही. त्यातून पितळ ड्रिलला ओढून घेतं आणि नग हातातून हिसकला जातो. तुझ्याकडे छोटी लेथ आहे, तेव्हा डी-बिट कर. गोल सळईचं टोक निम्म्यापर्यंत सपाट घासलं की छेद इंग्रजी डी अक्षरासारखा दिसतो, म्हणून ते नाव. सळई आठ मिलिमीटरची, ओएचएनएसची (तेलात बुडवून कडक होणाऱ्या हत्याराच्या पोलादाची) घे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या दुकानांतून सहज मिळते, तुझ्यासाठी मी घेतलीच आहे. मऊ असतानाच टोक घासायचं. निम्मं म्हणजे चार मिलिमीटर, पण मायक्रोमीटरवर चारच्या किंचित वर, मिलिमीटरचे पाच शतांशभर ठेव. निम्म्याखाली गेलास तर भोक मापात येणार नाही. पुढचं तोंड सरळ काप आणि धारेच्या मागून पाच-सहा अंश उतार दे, नाहीतर धार टेकण्याआधी पाठ टेकेल.

मग पाणी देणं. माझे काका गिरणीत फिटर होते. ब्याऐंशीच्या संपानंतर त्यांनी ह्याच चाळीच्या गॅलरीत बाक टाकला आणि आयुष्यभर शेजाऱ्यांची हत्यारं केली. ते रंगावर विसंबत नसत, लोहचुंबक दोरीला बांधून जवळ ठेवत. पोलाद साधारण 770 अंशांना चुंबकाला चिकटायचं थांबतं. ओएचएनएसला त्याहून थोडं वर, 790 ते 820 अंश लागतं. म्हणून चुंबक सुटल्यावर जरा वेळ आच चालू ठेवायची आणि सळई उभी धरून तेलात सोडायची. आडवी सोडलीस तर वाकते. तेल कोमट असावं, डबा धातूचा असावा आणि झाकण हाताशी असावं. तेलाने पेट घेतला तर झाकण टाकायचं, पाणी मुळीच नाही. थंड झाल्यावर कानस फिरवून बघ, घसरली तर कडकपणा आला. पण तेवढ्यावर वापरू नकोस, काचेसारखं तुटेल. ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) 200 अंशांवर तासभर शेकव. घासून चकचकीत केलेल्या भागावर वाळक्या गवताचा फिकट पिवळा रंग चढला की काढ. निळ्यावर गेलं तर धार टिकणार नाही.

आधी साडेसात मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाड, मग डी-बिट हळू सरकव आणि वरचेवर बाहेर काढून भुसा झाड. पितळाला तेलाची गरज नाही.

लेथच्या साध्या टूलसाठी कारखान्यातल्या पॉवर हॅक्सॉचं मोडकं ब्लेड ठेव. ते हायस्पीड पोलादाचं, म्हणजे तापलं तरी कडक राहणारं आणि जाड असतं. मुंबईतल्या दारूखाना भागातल्या भंगारात मी असे तुकडे शोधत असतो. अमेरिकेतल्या टेलर आणि व्हाइट यांनी असं पोलाद 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात दाखवलं तेव्हा टोक लालबुंद झालं तरी ते कापत होतं. म्हणून ग्राइंडरवर ते निळं पडलं तरी बिनधास्त राहा. साधं पोलाद मात्र दर दोन-चार सेकंदांनी पाण्यात बुडवत घास.

एका बाबतीत मात्र माझं ऐकच. गरगर फिरणारं पातं घरी कधीच करू नकोस. गोल करवत नको, ग्राइंडरला लावायची लाकूड कापायची चकती तर मुळीच नको. छोट्या अँगल ग्राइंडरची गती मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या घरात असते. त्या गतीने सुटलेला तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. हाताने ढकलायचं किंवा लेथवर सावकाश सरकवायचं हत्यार घरी करावं, बाकीचं विकत घ्यावं. आणि चष्मा ग्राइंडर सुरू करायच्या आधी लाव. नंतर हात रिकामा नसतो.

माझा भाचा शनिवारी रत्नागिरीला येतोय. त्याच्याबरोबर ओएचएनएसची सळई, हॅक्सॉचे दोन तुकडे आणि काकांच्या दोन बारीक कानशी पाठवतो. कानशी वापरून झाल्या की तुझ्याकडेच ठेव. कडेचा छाप घेतलास की त्याची एक प्रत मला पाठव, मीही इथे एक पातं घासून बघतो. वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
दिगंबर