सहा सेशनमध्ये सुटलेले नियमपुस्तक आणि ‘नैसर्गिक झीज’

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग
(प्रत : प्रकाशन व निर्मिती विभाग)

विषय : तुमच्या रोल-प्लेइंग खेळाच्या (टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या) नव्या आवृत्तीच्या नियमपुस्तकाची सुटलेली पाने आणि त्यावर तुमच्याकडून आलेले उत्तर

महोदय/महोदया,

माझ्या पहिल्या तक्रारीला तुमच्या कार्यालयातून दोन ओळींचे उत्तर आले. पाने सुटणे ही ‘वापरामुळे होणारी नैसर्गिक झीज’ आहे, म्हणून बदली प्रत मिळणार नाही, असे त्यात म्हटले आहे. खरे सांगायचे तर पुस्तकापेक्षा हे उत्तरच मला जास्त लागले.

वापर किती झाला ते आधी सांगतो. पुस्तक हातात आल्यापासून आमची सहा सेशन, म्हणजे खेळाच्या बैठका, झाली, प्रत्येक सुमारे चार तासांचे. खेळणारे चार आणि गेम मास्टर, म्हणजे गोष्ट व नियम सांभाळून खेळ चालवणारा, मी. पुस्तकावर पाणी सांडलेले नाही, ते कुणाच्या हातून पडलेले नाही, पिशवीत कोंबलेलेही नाही. ते टेबलावर उघडे असते, कुणी मंत्र टाकला की यादीचे पान काढायचे, नियम वाचायचा, परत मिटायचे. सहाव्या सेशनमध्ये ऐन लढाईत पृष्ठ १९३ माझ्या हातात आले, एकटेच. रात्र संपेपर्यंत २०८ पर्यंतची आठही पाने सुटली होती. ही मंत्रांची यादी आहे, म्हणजे पुस्तकाचा सर्वांत जास्त उघडला जाणारा भाग. नियमपुस्तक नेमके जिथे उघडायचे असते तिथेच ते तुटत असेल, तर त्याला झीज कसे म्हणायचे?

कुतूहल म्हणून कणा वरच्या बाजूने नीट पाहिला. शिवलेल्या पुस्तकात तिथे फर्म्यांच्या घड्या वेगवेगळ्या दिसतात, सोळा-सोळा पृष्ठांचे (आठ पानांचे) छोटे गठ्ठे. तुमच्या पुस्तकात एकही घडी नाही. सगळ्या घड्या कापून कडेला गोंद लावला आहे आणि वर जाड पुठ्ठा चढवला आहे. म्हणजे वरून पुठ्ठाबांधणी, आतून स्वस्त पेपरबॅक. गोंदाची बांधणी मुळातच वाईट असते असे माझे म्हणणे नाही. चांगल्या प्रतीचा पीयूआर (पॉलियुरेथेनचा) गोंद असला तर ती बरीच टिकते. पण तुम्ही पूर्ण रंगीत छपाईसाठी गुळगुळीत लेपाचा कागद वापरला आहे, आणि त्या लेपामुळे साधा गरम गोंद कागदाच्या तंतूंत नीट शिरत नाही. हे मी तुम्हाला सांगावे असे नाही, तुमच्या मुद्रकाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार.

शिवाय पुस्तक सपाट उघडे राहत नाही. हात काढला की आपोआप मिटते. म्हणून मी त्यावर फाशांची थैली ठेवतो, आणि थैली ठेवली की हवा तोच तक्ता झाकला जातो. पान वाकवून पाहिले तर कण्याला समांतर वाकताना ते कडक लागते, आडवे मात्र सहज वाकते. म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशाच उलटी धरली आहे. ती कण्याला समांतर असती तर पान आपसूक खाली पडले असते. यासाठी महागडा कागद लागत नाही, कागद मशीनवर कोणत्या दिशेने लावायचा एवढे ठरवावे लागते.

तुमचीच मागची आवृत्ती आमच्याकडे अकरा वर्षे आहे. तिचे कोपरे झिजलेत, कव्हरवर कॉफीचा गोल डाग आहे, दोन पानांवर कुणीतरी पेन्सिलीने आकडेमोड केली आहे. पान मात्र एकही सुटलेले नाही. ती शिवलेली आहे. झीज म्हणतात ती याला.

आता किमतीबद्दल. नवी आवृत्ती मागच्या आवृत्तीपेक्षा चाळीस टक्क्यांनी महाग आहे, आणि पृष्ठे ३६८ वरून ३३६ वर आली आहेत. पूर्ण दोन फर्मे कमी. तरीही नुसत्या किमतीवरून मी तुमच्याशी भांडणार नाही, आणि त्याचे कारणही सांगतो. १९७४ साली या छंदाचा पहिला खेळ, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, बाजारात आला तेव्हा एका खोक्यात पिना मारलेल्या तीन पातळ पुस्तिका होत्या आणि किंमत १० डॉलर. महागाई धरली तर ते आजचे साठ डॉलरच्या वर जातात. तेव्हा ‘पूर्वी सगळे स्वस्त होते’ हे रडगाणे मला मान्य नाही. २०२१ मध्ये जहाजांच्या कंटेनरचे भाडे कुठल्या कुठे गेले, कागद महागला, हेही मी पाहिले आहे. तेव्हा तुम्ही दर वाढवलेत आणि आम्ही समजून घेतले. पुढे भाडे उतरले. किंमत उतरली नाही. तीही गोष्ट मी गिळली, कारण मनात म्हटले, हा पैसा लिहिणाऱ्यांना, चित्रकारांना, संपादकांना मिळत असेल.

मग श्रेयनामावली उघडली. मागच्या आवृत्तीत मुद्रितशोधनासाठी तीन नावे होती. या आवृत्तीत ते सदरच नाही. आणि ते नसल्याचे पानोपानी दिसते. पृष्ठ ८७ वर, वेढा पडलेल्या पात्राने निसटायचे कसे या नियमाच्या शेवटी छापले आहे : ‘पाहा, पृष्ठ ××’. मी पृष्ठ ×× शोधले, सापडले नाही. महिन्याभरात तुम्ही अकरा पानांचे शुद्धिपत्र काढलेत. ते काढलेत याबद्दल आभारच. पण शुद्धिपत्र ज्या पीडीएफमध्ये आधीच मिसळून टाकले आहे, ती छापील पुस्तक घेणाऱ्याने पुन्हा वेगळी विकत घ्यायची, हा कोणता न्याय? सूची एका पानात उरकली आहे. आणि प्रत्येक पानामागे ते जुन्या चर्मपत्रासारखे तपकिरी चित्र, त्यावर करडी अक्षरे. तुमच्या कलाकारांचे काम सुंदर आहे, मनापासून सांगतो. पण खोलीतला दिवा मंद करून खेळणाऱ्यांना नियम वाचताही आले पाहिजेत.

विशेष आवृत्तीबद्दल इथेच लिहितो, कारण आमच्या गटातल्या एकीने ती घेतली आहे. किंमत जवळजवळ दुप्पट. कव्हरवर सोनेरी ठसा, आत रेशमी फीत, बाहेर पुठ्ठ्याची पेटी. आतला पानांचा ठोकळा अगदी माझ्याच पुस्तकातला, तोच गोंद, तीच उलटी दिशा, पृष्ठ ८७ वर तेच ××. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तिचे पुस्तक अजून शाबूत आहे, कारण ती ते पेटीतून काढायला घाबरते.

माझी खरी तक्रार इथे आहे. ही पुस्तके तुम्ही कपाटात मिरवायला बनवता आणि टेबलावर वापरायला विकता. वापरून तुटले की आम्हाला वापराचा दोष लावता. तुमच्या विक्रीपानावर ‘उच्च दर्जाची पुठ्ठाबांधणी’, ‘जाड कागद’, ‘संग्राह्य’ असे सगळे शब्द आहेत. बांधणी शिवलेली की चिकटवलेली, हा एक शब्द नाही. तो असता तर मी स्वतःच ठरवले असते. कदाचित पीडीएफ घेऊन थांबलो असतो, कदाचित कमी रंगांची साधी, पण शिवलेली आवृत्ती काढा म्हणून तुम्हाला आधीच लिहिले असते. अशी आवृत्ती आजही काढलीत तर आमच्या गटात तीन जण लगेच घेतील. चित्रे निम्मी असली तरी चालतील.

माझ्या मागण्या अशा. माझी प्रत बदलून द्या, आणि बदली प्रत याच छपाईतली असेल तर त्याऐवजी पैसे परत करा, कारण तेच पुस्तक पुन्हा सहा सेशन वापरण्यात मला रस नाही. छापील प्रतीच्या खरेदीदारांना दुरुस्त पीडीएफ विनामूल्य द्या. पुढच्या छपाईपासून बांधणीचा प्रकार विक्रीपानावर स्पष्ट लिहा. आणि ‘नैसर्गिक झीज’ ठरवायला तुमच्याकडे काही निकष असेल, किती वेळा उघडल्यावर पान सुटणे नैसर्गिक मानता, तर तो मला लेखी कळवा.

सोबत पावती आणि छायाचित्रे जोडली आहेत : कणा वरून, सुटलेली पाने, तुलनेसाठी मागच्या आवृत्तीचा कणा. पाने मी परत चिकटवलेली नाहीत. १९३ ते २०८, क्रमाने एका फाइलमध्ये ठेवली आहेत, तपासायला हवी असतील तर पाठवतो. फक्त एक विनंती, आमच्या पुढच्या सेशनआधी मागवू नका. मंत्रांची यादी त्यातच आहे.

आपला,
मागच्या दोन्ही आवृत्त्यांचा ग्राहक