सव्वा महिना माहेरी, नोंद मात्र सासरी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेऊन दाखवली. गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या बाईला त्यांनी बाळाचे वजन करणे, काखेत तापमापी लावणे, श्वास मोजणे आणि जंतुसंसर्ग ओळखून जेन्टामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. ही काळजी न दिलेल्या, तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते. या कामाच्या आधारे २०११पासून देशभर आशा सेविका घरभेटी देऊ लागल्या.

दवाखान्यात बाळंतपण झाले तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ या दिवशी भेट द्यायची. घरी झाले तर पहिल्या दिवशीही. आता आपल्याकडची रीत पाहा. पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते आणि बाळंतपणानंतर सव्वा महिना तिथेच राहते. म्हणजे हे ४२ दिवस जवळजवळ सगळे माहेरीच जातात. गरोदरपणाची नोंद मात्र सासरच्या उपकेंद्रात. तिथल्या आशाच्या यादीत नाव आहे पण घरात बाळ नाही. माहेरच्या आशाच्या गावात बाळ आहे पण यादीत नाव नाही. आणि ही बहुतेक पहिलीच बाळंतपणे, जिथे आईला दूध पाजण्यापासून सगळे नवीन असते.

सर्वांत जास्त नुकसान तिसऱ्या दिवसाची भेट चुकल्याने होते. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात. आई साधारण ४८ तासांनी घरी येते, आणि नेमके त्यानंतरच दूध न ओढणे, अंग गार पडणे, मलूल होणे ही लक्षणे दिसू लागतात. अशा वेळी घरात "झोपाळू आहे बाळ" असे म्हणत एक रात्र निघून जाते. शिवाय गडचिरोलीतल्या त्या बायांसारखे आशाला इंजेक्शन देता येत नाही, त्यामुळे बाळ वेळेत दवाखान्यात पोचवणे हाच तिच्या हातातला उपाय आहे.

भेट झाली तरी मोजमाप नीट व्हायला हवे. वजनाआधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा आणि बाळाचे कपडे काढायचे. दुपटे तसेच राहिले की दोन-अडीचशे ग्रॅम फुकट वाढतात. २,५०० ग्रॅमच्या आतले बाळ कमी वजनाचे, त्याला जास्त जपावे लागते; पण २,४३० दिसले की कार्डावर सरळ "अडीच किलो" लिहिले जाते, आणि त्या ७० ग्रॅमपायी बाळ जोखमीच्या यादीतून बाहेर पडते. कार्डांवर "२.५" हा आकडा गरजेपेक्षा जास्त वेळा दिसला की पर्यवेक्षिकेने काटा तपासावा.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे नवजात बाळाला चालत नाही, कारण त्याचा श्वास मध्येच संथ होतो, मध्येच भरभर चालतो. बाळ शांत असावे, दूध पीत नसावे, झबले वर करून पोटाची हालचाल पाहावी. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजावे, आणि पुन्हा तेवढेच आले तर लगेच दवाखाना. काखेतले तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले तर बाळाला आईच्या उघड्या छातीला लावून वरून पांघरूण घालावे. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी बाळाच्या फुफ्फुसाला घातक असते आणि घुटी-मधाने पोटात जंतू जातात, हे माहेरच्या आजीला समजावण्याची संधीही याच भेटींत असते.

आमच्या मागण्या खर्चिक नाहीत. माता-बाल कार्डावर "पुढचे ४२ दिवस बाळ कुठे राहणार" यासाठी एक ओळ हवी: गावाचे नाव आणि तिथल्या आशाचा फोन. घरी सोडण्याच्या कागदावर सही होण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरने त्या आशाला फोन करावा. योजना सुरू झाली तेव्हा सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये एकदमच द्यायचे ठरले होते. ते भेटीमागे मोजावेत आणि जी प्रत्यक्ष गेली तिलाच मिळावेत. माहेरच्या आशाने सहा भेटी द्यायच्या आणि पैसे दुसऱ्या गावी जमा व्हायचे, हा तिच्यावर अन्याय आहे. बाळंतीण सासरी परतताना भरलेले कार्ड तिच्याबरोबर जावे, कारण तिसऱ्या महिन्यापासून पुढच्या भेटी सासरच्या आशाने द्यायच्या असतात आणि तिला जन्माचे वजन त्यातूनच कळते.

आपले,
आशा प्रशिक्षणाचे काम करणारे काही प्रशिक्षक