‘माझ्याकडेही तसंच येतंय’ म्हणणाऱ्या अनोळखी मेंटेनरला

नमस्कार,

तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही. तुम्ही बाई आहात की बुवा, मराठी वाचता की नाही, तेही नाही. आपला सगळा व्यवहार माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि उरलेला कोडमध्ये झाला. पण आभार मानायचं म्हटलं की मला माझीच भाषा सुचते, म्हणून इथे लिहिते आहे.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचा एक छोटा प्रोग्राम आहे, जुन्या कागदांचे स्कॅन उजळून देणारा. त्याच्याखाली तुम्ही सांभाळता ती लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आणि तिच्याखाली नमपाय, पायथन भाषेतली आकडेमोडीची लायब्ररी. जून 2024 मध्ये नमपाय 2.0 आलं, 2006 मधल्या 1.0 नंतरचं पहिलंच मोठं व्हर्जन. काही महिन्यांनी आम्ही अपडेट मारला. प्रोग्राम सुरळीत चालला. एरर नाही, बिरर नाही. फक्त पानांच्या कडेला, जिथे कागद सगळ्यात पांढरा दिसायला हवा नेमका तिथेच, तिळाएवढे काळे ठिपके दिसायला लागले. पहिल्या दिवशी मी स्क्रीनवरची धूळ समजून ते रुमालाने पुसलेसुद्धा.

मोडायचंच असेल तर आवाज करून मोडावं. मागे नमपायमधलं ‘एनपी डॉट इंट’ हे पूर्णांकाचं जुनं नाव काढून टाकलं तेव्हा आम्ही पुष्कळ बोटं मोडली होती, पण त्याची वॉर्निंग 2021 च्या 1.20 पासून येत होती. पुढे 1.24 ला ते खरंच गेलं, तेव्हा प्रोग्राम त्या ओळीवरच आडवा झाला. कुठे दुखतंय ते बोट ठेवून दाखवता आलं. या ठिपक्यांचं तसं नव्हतं. म्हणजे वॉर्निंग याही वेळी येतच होती, पण लॉग उगाच भरतो म्हणून आम्हीच वॉर्निंग बंद करून ठेवल्या होत्या. हे आपलं आधीच कबूल करून टाकलेलं बरं.

लायब्ररी तुमच्या हाती यायच्या आधी मी तिथे तक्रार नोंदवली होती. तीन ओळींचं उदाहरण, ठिपक्यांचे फोटो, सगळं जोडून. पहिलं उत्तर आलं: ‘आमच्याकडे तर चालतंय.’ कुठल्या व्हर्जनवर, ते नाही सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं, जुनं नमपाय पिन करा, म्हणजे त्याच व्हर्जनवर अडकवून ठेवा, आणि विसरून जा. अहो, पिन करून भागत असतं तर रडगाणं कशाला लावलं असतं? आमच्या अर्ध्या मशीनवरच्या एका लायब्ररीला 2 च हवं होतं, आणि उरलेल्या मशीनवर 1 साठी कंपाइल केलेलं एक जुनं मॉड्यूल होतं, ते 2 वर चालायलाच तयार नव्हतं. आम्हाला दोन्हीकडे चालणारं काहीतरी हवं होतं. त्यानंतर कुणी फिरकलंच नाही. शेवटी एका बॉटने ‘बरेच दिवस हालचाल नाही’ म्हणून तक्रार बंद केली. हालचाल मी करायची होती म्हणे.

खोटं कशाला सांगू, तोवर माझाच माझ्यावरचा विश्वास उडत चालला होता. जुनी-नवी प्रिंट शेजारी शेजारी धरून मी टीममधल्या दोघांना विचारलं होतं, तुम्हाला दिसतात ना हे ठिपके?

आणि मग तुम्ही ती बंद पडलेली तक्रार उकरून काढलीत. तुमच्या उत्तराची पहिली ओळ, आपल्या भाषेत सांगायची तर, ‘हो, माझ्याकडेही तसंच येतंय.’ खाली माझंच उदाहरण, दोनदा चालवलेलं. जुन्या 1.26 वर: 200 अधिक 100, उत्तर 300. 2.0 वर: 200 अधिक 100, उत्तर 44.

ते 44 मी किती वेळ बघत बसले, सांगता येणार नाही. आठ बिटांच्या पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या एका ठिपक्यात, 0 (काळा) ते 255 (पांढरा) एवढंच मावतं, आणि उजळायचं म्हणजे त्यात आकडा मिळवायचा. एकेकटा पिक्सेल घेऊन त्यात साधा आकडा मिळवला, तर जुनं नमपाय बेरीज मोठ्या पूर्णांकात करायचं. नवं मात्र पिक्सेलचाच प्रकार धरून बसतं, आणि 255 ओलांडलं की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू. 300 मधून 256 गेले, राहिले 44. ‘255 च्या वर गेलं तर 255 धर’ ही अट पुढच्याच ओळीत उभी होती, पण 44 ला ती कशाला अडवेल? म्हणून जिथे सगळ्यात उजळ हवं, तिथेच काळा ठिपका. नमपायवाल्यांनी हा बदल लपूनछपून केला नव्हता, रीतसर लिहून जाहीर केला होता. आमच्यापैकी कुणी तो वाचला नव्हता, एवढंच.

दुरुस्ती तुम्ही लगेच केलीत. बेरजेआधी पिक्सेलला ‘इंट’मध्ये, म्हणजे साध्या पूर्णांकात, गुंडाळलंत, की 1.26 वरही चालतं आणि 2 वरही. त्याबद्दल आभार आहेतच, पण खरं सांगायचं तर ती कुणीही केली असती. कुणीही न केलेली गोष्ट त्याआधीची. एका अनोळखी बाईच्या तीन ओळींसाठी तुम्ही दोन वेगळी एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोग्राम चालवायच्या स्वतंत्र जागा, उभी केलीत, एकात मुद्दाम जुनं व्हर्जन बसवलंत आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत. पगार नाही, करार नाही. समोरचा खोटं बोलत नसेल असं धरून चालायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही, तरी ते इतकं दुर्मिळ का असावं, कुणास ठाऊक. तुमच्या ठायी ते होतं, आणि त्या पहिल्या ओळीनंतर मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

आता एक कामाचं. तुमच्या रिलीज नोट्समध्ये लिहिलंय, 1.26 चा सपोर्ट अजून कुणाला लागत असेल तर कळवा, तोवर काढत नाही. दोन्ही व्हर्जनवर प्रत्येक टेस्ट चालवायची म्हणजे काय कटकट असते, ते आता मलाही कळतं. आमचं ते जुनं मॉड्यूल परवा नव्याने कंपाइल करून घेतलं, शेवटचं मशीनही 2 वर आलं. आमच्यासाठी ठेवला असेल, तर खुशाल काढून टाका.