खोली त्यांची, देखभाल आपली

प्रति,
मा. संपादक,

विषय : हॉलिडे क्लबच्या सभासदत्वातून सुटका

महोदय,

लग्नसराई ओसरली की जिल्ह्याच्या ठिकाणी हॉटेलांचे हॉल 'लकी ड्रॉ'वाल्यांना भाड्याने जातात. पेट्रोल पंपावर भरून दिलेल्या कूपनावरून फोन येतो : तुमची निवड झाली, जोडीने या, जेवण आमच्याकडे, वर भेटवस्तू. टाय लावलेली पोरं दोन-तीन तास गोवा-महाबळेश्वरचे फोटो दाखवतात आणि माणूस उठतो तो हॉलिडे क्लबच्या, म्हणजे पैसे भरून दरसाल काही दिवस त्यांच्या खोलीत राहण्याच्या, पंचवीस वर्षांच्या करारावर सही करूनच. निवृत्त शिक्षकांना ग्रॅच्युइटी हाती पडली की हे फोन येतात. समृद्धी महामार्गात जमीन गेली त्यांना मोबदला जमा झाल्यावर आले. मी ग्रामसेवक होतो, त्यामुळे लोक अजूनही कागद घेऊन माझ्या ओट्यावर येतात. हल्ली त्यात हे करार फार दिसू लागले आहेत.

सुरुवातीला भरलेल्या पैशांचं दुःख माणूस गिळतो. जाच होतो तो दरसालच्या देखभाल शुल्काचा. तुम्ही जा अगर जाऊ नका, ते भरायचंच. शुल्क १८ हजार असेल, तर १८ टक्के जीएसटी धरून २१,२४० रुपये होतात. सोयाबीनच्या २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे ५,३२८ रुपये क्विंटलने, हे जवळपास चार क्विंटल सोयाबीन झालं. तेही हमीभाव हाती पडला तर.

बरं, जायचं तरी कधी? स्वस्तातलं सभासदत्व घेतलं की खोली मिळते ऐन पावसाळ्यात. तेव्हा आमच्याकडे निंदण, डवरणी, फवारणी एकाच वेळी अंगावर आलेली असते. दिवाळीत कापूस वेचणीला मजूर मिळत नाहीत, तर घर सोडणार कोण? सवड असते ती एप्रिल-मेमध्ये, आणि त्याच दिवसांना 'पीक सीझन' म्हणतात. त्याचा दर वेगळा, शिवाय खोली 'उपलब्ध नाही'. एक शेतकरी मला म्हणाला, "भाऊ, पैसे वापस नाई भेटले तरी चालन, पण हे दरसालचं झंझट तोडून द्या." आपल्याच विदर्भात चिखलदरा आहे, तिथे जायला कुठल्या क्लबचं सभासद व्हावं लागत नाही, हे आता त्याला सांगून उपयोग नव्हता.

हे झंझट तुटू शकतं, पण फोनवर भांडून नाही. सही नुकतीच झाली असेल तर करारातलं रद्द करण्याचं कलम आधी वाचावं. बऱ्याच करारांत मोजक्या दिवसांची मुभा असते आणि विकणारा ती सांगत नाही. ती मुदत टळली असली तरी सभासदत्व रद्द करत असल्याचं पत्र स्पीड पोस्टाने आणि ई-मेलनेही पाठवावं. तोंडी काय काय कबूल केलं होतं, कोणत्या तारखांना खोली नाकारली, हे त्यात लिहावं. नकाराचे मेसेज पुसू नयेत, तोच पुरावा. खात्यातून पैसे आपोआप कापले जात असतील तर ती परवानगी बँकेत लेखी अर्ज देऊन थांबवता येते.

मात्र एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. प्रवेशाची रक्कम एखाद्या फायनान्स कंपनीच्या कर्जातून गेली असेल, तर ते कर्ज वेगळं आणि देखभाल शुल्क वेगळं. कर्जाचे हप्ते रागाने बंद केले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून ठरणारी आपली पत, बिघडतं. पीककर्जाला सिबिल मागू नका, असं मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावलं आहे. तरी शाखेत गेल्यावर काय ऐकावं लागतं, हे शेतकऱ्याला विचारा. देखभाल शुल्काचं तसं नाही. वसुलीवाला फोनवर "सातबाऱ्यावर बोजा चढवू" म्हणतो, ती निव्वळ धमकी. कोर्टाच्या हुकुमाशिवाय कोणतीही कंपनी सातबाऱ्याला हात लावू शकत नाही.

कंपनीने दाद दिली नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वाद फक्त मुंबईत किंवा लवादापुढेच (कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचापुढेच) चालेल, असं करारात छापलेलं असतं. ते वाचून लोक हबकतात. पण लवादाच्या कलमाने ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मान्य केलं आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावण्याची सक्तीही नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवर भर द्यावा. करारच अन्यायकारक आहे, असं म्हणायचं तर राज्य आयोगाकडे जावं लागतं, त्याचं खंडपीठ नागपूरला आहे.

याच हतबलतेवर आता दुसरी टोळी पोट भरते. "तुमची मेंबरशिप विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त एनओसी (ना-हरकत दाखला) आणि जीएसटीचे पैसे आधी टाका," असा फोन येतो. पैसे टाकले की गिऱ्हाईकही गायब आणि फोनवालाही. असा फोन आला तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावं.

सरकारकडे माझं मागणं साधं आहे. विमा पॉलिसी पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. युरोपात तर टाइमशेअरला, म्हणजे अशाच सुट्टीच्या करारांना, १४ दिवसांची मुभा कायद्यानेच आहे आणि त्या काळात आगाऊ पैसे घ्यायलाही बंदी आहे. आपल्याकडे हे कंपनीच्या मर्जीवर सोडलं आहे. 'पॅनकार्ड क्लब्स' या कंपनीने हॉटेलच्या खोल्यांतले मुक्काम विकून परताव्याचं आमिष दाखवलं, म्हणून गुंतवणुकीवर नजर ठेवणाऱ्या सेबीला हात घालता आला आणि २०१६ मध्ये सात हजार कोटींहून अधिक रक्कम परत करण्याचा आदेश निघाला. जिथे परताव्याचं आमिष नाही, नुसती सुट्टी विकली जाते, तिथे सेबी येत नाही. पंचवीस वर्षांच्या कराराला किमान महिनाभराची परतीची मुदत कायद्याने हवी आणि खोली मिळालीच नाही त्या वर्षीचं शुल्क माफ हवं. आमच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा.

आणि तोवर, २४ डिसेंबरला तहसील कार्यालयात राष्ट्रीय ग्राहक दिन होतो, त्यात भाषणं थोडी कमी करून एक टेबल लावा. लोकांना करार घेऊन बोलवा आणि तिथेच बसून त्यांच्या ऑनलाइन तक्रारी भरून द्या. टेबलावर बसायला मी येतो.

आपला वाचक,
एक निवृत्त ग्रामसेवक,
ता. कारंजा (लाड), जि. वाशिम