मागचे ड्रम न उघडताच हँडब्रेक ‘दुरुस्त’ केल्याबद्दल तक्रार

दिनांक: १२ सप्टेंबर २०२५

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: न केलेल्या ब्रेकच्या कामाचे बिल लावल्याबद्दल व त्यातून ओढवलेल्या धोक्याबद्दल

महोदय,

१८ ऑगस्टला, चवथीच्या नऊ दिवस आधी, मी माझी गाडी तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दिली. गाडी सहा वर्षांची आहे. तक्रार एकच सांगितली होती: हँडब्रेक सैल झालाय, लिव्हर दहा-अकरा खटके वर ओढावी तेव्हा कुठे गाडी थांबून राहते. संध्याकाळी गाडी परत मिळाली तेव्हा लिव्हर चार खटक्यांतच घट्ट होत होती. बिलावर ‘मागील ड्रम ब्रेक सफाई व अ‍ॅडजस्टमेंट’ अशी ओळ होती आणि तिच्यापुढे ७५० रुपये मजुरी. मी पैसे दिले आणि समाधानाने घरी आलो.

४ सप्टेंबरला आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पणजीला न्यायचे होते. मयेहून आम्ही चोडणमार्गे जातो आणि फेरीने रायबंदरला उतरतो. चोडणच्या धक्क्यावर रस्ता नदीकडे उतरत जातो आणि फेरी येईपर्यंत गाड्या त्या उतारावर एकामागे एक उभ्या असतात, हे गोव्यातल्या कुणालाही सांगायला नको. आईसाठी एसी चालू होता, म्हणून इंजिन सुरू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. आईच्या बाजूचे दार नीट लागले नव्हते, ते लावायला मी उतरत होतो. एक पाय जमिनीवर टेकला आणि गाडी हलली. समोर हातभर अंतरावर एक स्कूटर होती. बाई चालवत होत्या आणि पुढे पायाजवळ चारेक वर्षांचे मूल उभे होते, पिवळा रेनकोट घातलेले. मी तसाच आत कोसळून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा बंपर आणि स्कूटरची नंबर प्लेट यांच्यात वीतभर जागा उरली होती. त्या बाईंना काही कळलेही नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

लिव्हर पुन्हा नऊ खटक्यांवर आली होती. अडीच आठवडेसुद्धा झाले नव्हते.

महोदय, मी डिचोली तालुक्यातल्या खाणीवर डंपरच्या देखभालीत बावीस वर्षे काम केले आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा ते सुटले. उतारावर उभ्या केलेल्या वाहनाचा ब्रेक म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. म्हणून रविवारी, ७ तारखेला, पाऊस उघडल्यावर मी गाडी अंगणात सपाट जागी घेतली, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, मागची बाजू जॅकवर उचलून खाली स्टँड दिले आणि हँडब्रेक सोडला. आमच्याकडे पुष्कळ जण स्टँडऐवजी चिरे रचतात. तसे कुणी करू नये. चिरा दिसायला भक्कम असतो, पण भाराखाली अचानक फुटतो.

आधी लिव्हरमागचे कव्हर काढले. केबलच्या नटावर पान्याच्या ताज्या, चकचकीत खुणा होत्या आणि नटाच्या पुढे बोटभर आटे बाहेर आले होते. म्हणजे इथे कुणीतरी काम केले होते, तेही भरपूर. मग चाके हाताने फिरवून पाहिली. हँडब्रेक सोडलेला असतानाही उजवे चाक घासत होते. साखळीला जाऊन आलो की ते चाक गरम लागायचे, त्याचे कारण आता समजले. डावे मात्र अगदी मोकळे फिरत होते.

डावा ड्रम काढायला गेलो तर तो जागचा हलेना. ड्रम आणि हब (चाक ज्यावर बसते तो भाग) यांच्या सांध्यात गंजाचे अखंड कडे बसले होते. ड्रमला त्यासाठीच दिलेल्या दोन भोकांत ८ मिलिमीटरचे बोल्ट आलटूनपालटून पिळले, तेव्हा ते कडे तडकले आणि ड्रम सुटला. तीन आठवड्यांपूर्वी हा ड्रम कुणी उघडला असता तर हे कडे तिथे राहिले नसते. आत काळी भुकटी आणि तांबडी माती यांचा थर होता. या भुकटीवर फुंकर किंवा हवा मारायची नसते, ती फुफ्फुसात जाते. मी ती ओल्या फडक्याने काढली, तर फडके भरून आले. डावीकडचा सेल्फ अ‍ॅडजस्टर गंजून इतका घट्ट झाला होता की तो बोटांनी हलेना. ब्रेक शूजचे, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या तुकड्यांचे, लायनिंग (त्यांच्यावरचा घासणारा थर) नखाएवढे उरले होते. उजवीकडे लायनिंग तेवढेच उरलेले, पण वरून काचेसारखे गुळगुळीत, उष्णतेने भाजलेले.

तुमच्या माणसाने काय केले ते यावरून स्पष्ट आहे. लायनिंग झिजते तशी शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढत जाते, आणि ती भरून काढणे हे अ‍ॅडजस्टरचे काम. तो अडकला की फट तशीच राहते आणि लिव्हर वर वर येते. अशा वेळी केबलचा नट पिळला की लिव्हर खाली येते, गिऱ्हाईक खूश होते, पण फट जिथल्या तिथे असते. उलट केबल सतत ताणलेली राहिल्यामुळे ड्रममधली हँडब्रेकची पट्टी मूळ जागी परत येत नाही, आणि ती परत आल्याशिवाय अ‍ॅडजस्टर पुढचा दात घेत नाही. म्हणजे अर्धवट अडकलेली व्यवस्था पुरतीच बंद पडली. डावीकडची ढिलाई झाकायला केबल ताणली आणि उजवे चाक घासून भाजत राहिले. नट पिळणे चूक नाही, पण ते शेवटचे काम. आधी ड्रम उघडायचा, लायनिंग बघायचे, अ‍ॅडजस्टर मोकळा करायचा, शूज लावायचे आणि मग गरज पडली तर नटाला पाना लावायचा.

मी ते त्याच क्रमाने केले. नट पूर्ण सैल सोडला. म्हापशाहून आणलेले नवे शूज दोन्ही चाकांना घातले. अ‍ॅडजस्टर साफ करून, आट्यांना नावापुरते ग्रीस लावून बसवले. ड्रम चढवल्यावर शेजारच्या मुलाला पेडल दाबायला बसवले. ड्रम बाहेर असताना पेडलला पाय लावू नये, सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात. वीसेक वेळा पेडल दाबल्यावर आतून येणारी टिकटिक थांबली, म्हणजे फट भरली. त्यानंतर नट थोडाच पिळावा लागला. आता लिव्हर सहा खटक्यांत घट्ट होते, माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ५ ते ७ खटके दिले आहेत. हँडब्रेक सोडल्यावर दोन्ही चाके मोकळी फिरतात. तळ्याकडच्या चढावर न्यूट्रलमध्ये उभी करून पाहिली, तसूभर हलली नाही.

शूजचे पैसे मी मागत नाही. ते माझ्या वापराने झिजले आणि कधीतरी बदलावेच लागले असते. पण ते झिजले आहेत हे मला १८ ऑगस्टलाच कळायला हवे होते, आणि त्यासाठीच मी ७५० रुपये दिले होते. ते पैसे मला परत हवेत. ड्रम उघडला नसताना ‘सफाई’ असे बिलावर कुणी आणि कशाच्या आधारावर लिहिले, याचा लेखी खुलासा जॉब कार्डच्या प्रतीसह हवा. आणि जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या सेंटरमध्ये ऑगस्ट महिन्यात ज्या ज्या गाड्यांच्या बिलावर हीच ओळ आहे, त्या मालकांना बोलावून त्यांचे मागचे ड्रम विनामूल्य उघडून बघा. चवथीच्या आधी घाईत सोडलेली माझ्या एकट्याचीच गाडी नसणार. त्यातली एखादी आज कुठल्यातरी धक्क्यावर उभी असेल.

पार्किंग ब्रेक ही सोय नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक हे दोन्ही स्वतंत्र आणि कार्यक्षम असावे लागतात.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल मी उत्तर गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सोबत बिलाची प्रत आणि ड्रम काढण्याआधीचे व नंतरचे फोटो जोडले आहेत. जुन्या शूजचा आणि गंजलेल्या अ‍ॅडजस्टरचा फोटो तुमच्या इंजिनिअरला पुरेसा वाटला नाही, तर त्यांना मयेला पाठवा. शूज मी कागदात गुंडाळून, डावे-उजवे लिहून ठेवले आहेत.

आपला,
एक ग्राहक
मये, ता. डिचोली, गोवा